वेळमापनाच्या छंदाला जिल्ह्यात एक प्रमाण संदर्भ हवा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या दैनिकाच्या जिल्हा पानावर दरवर्षी हिवाळ्यात शाळा-महाविद्यालयांच्या विज्ञान प्रदर्शनांच्या बातम्या येतात. टाकी भरली की वाजणारा बझर, जमिनीतील ओल पाहून सुरू होणारे ठिबक, काळ्या पट्टीवरून आपोआप चालणारी गाडी अशी उपकरणे त्यांत असतात आणि ती करणाऱ्या मुलामुलींचे कौतुक होते ते योग्यच आहे. मात्र उपकरण चालते एवढे पाहून परीक्षक पुढच्या टेबलाकडे वळतात. ते जे दाखवते ते किती बरोबर आहे आणि कशाशी ताडून पाहिले, हा प्रश्न सहसा विचारला जात नाही. विचारला तरी विद्यार्थ्याने उत्तर कोठून द्यावे? वजन तपासायचे तर वैध मापनशास्त्र विभागाचे कार्यालय आहे, तेथे शिक्का मारून मिळतो. वेळ आणि वारंवारता (सेकंदाला किती आवर्तने होतात ते) तपासायची तर जळगाव, धुळे, नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांत सामान्य माणसाने जावे अशी एकही जागा माझ्या पाहण्यात नाही. ती असावी आणि फारसा खर्च न करता ती होऊ शकते, हे मांडण्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

मी दूरसंचार खात्यात डिजिटल एक्स्चेंजच्या देखभालीचे काम केले असून निवृत्तीनंतर चाळीसगावी राहतो. दोन एक्स्चेंजची घड्याळे एकमेकांशी किती जुळलेली असावी लागतात, हे त्या नोकरीत रोज पाहावे लागे. आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे जाळ्यातील मुख्य घड्याळाची चूक दहा हजार कोटी भागांत एका भागापेक्षा अधिक चालत नाही. अशी दोन स्वतंत्र घड्याळे परस्परांच्या उलट दिशेला सरकली, तरी १२५ मायक्रोसेकंदांची एक फ्रेम (संभाषणाच्या आकड्यांचा एक हप्ता) निसटायला सुमारे ७२ दिवस लागतात. घड्याळ त्याहून बिघडले की बोलणाऱ्याला फारसे काही जाणवत नसे, पण फॅक्सचे पान मध्येच फाटल्यासारखे येई आणि मोडेमची जोडणी तुटे. तेव्हापासून लागलेली गोडी पुढे छंद झाली. घरच्या टेबलावर ऑसिलेटर (ठरावीक वारंवारतेची विद्युत लाट निर्माण करणारे सर्किट) आणि फ्रीक्वेन्सी काउंटर (ती वारंवारता मोजणारे यंत्र) बांधणे, जीपीएसच्या ठोक्याला बांधलेली दहा मेगाहर्ट्झची प्रमाण वारंवारता तयार करणे आणि मुख्य म्हणजे ती खरोखर किती प्रमाण आहे हे तपासत राहणे, असे या छंदाचे स्वरूप आहे.

हा छंद आज घरी करता येतो याचे कारण असे की, सेकंद ही आता जगात कोठेही हुबेहूब उभी करता येणारी गोष्ट आहे. १९६७ पासून सेकंदाची व्याख्या पृथ्वीच्या फिरण्यावर अवलंबून नाही. सिझियम-१३३ च्या अणूतील एका ठरावीक संक्रमणाशी निगडित प्रारणाची ९,१९,२६,३१,७७० आवर्तने म्हणजे एक सेकंद. नवी दिल्लीची राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळा, म्हणजे एनपीएल, सिझियम घड्याळे आणि हायड्रोजन मेसर (हायड्रोजनच्या अणूंवर चालणारी प्रमाणके) यांच्या साहाय्याने भारतीय प्रमाणवेळ सांभाळते आणि इंटरनेटवरून ती वेळ संगणकांना पुरवते. एकेकाळी एनपीएलच्या 'एटीए' या केंद्राचे ठोके १० मेगाहर्ट्झवर साध्या शॉर्टवेव्ह रेडिओवर ऐकू येत आणि जुनी हौशी रेडिओवाली मंडळी त्यावर आपले संच लावून घेत. आता हेच काम आपल्या डोक्यावरून सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवर फिरणारे जीपीएसचे उपग्रह करतात. प्रत्येकात अणुघड्याळे आहेत आणि काही शे रुपयांना मिळणारे जीपीएस मॉड्यूल त्यांच्या आधारे दर सेकंदाला एक ठोका देते. अगदी साध्या मॉड्यूलच्या माहितीपत्रकातही या ठोक्याची अनिश्चितता ३० नॅनोसेकंद दिलेली असते. एका नॅनोसेकंदात प्रकाश जेमतेम ३० सेंटिमीटर जातो, यावरून ३० नॅनोसेकंद म्हणजे काय याची कल्पना यावी.

रचनेचे तत्त्व सोपे आहे. 'ओसीएक्सओ' नावाचा एक क्वार्ट्झ ऑसिलेटर मिळतो. पत्र्याच्या बंद डबीत क्रिस्टल (ठरावीक लयीत कंप पावणारा क्वार्ट्झचा तुकडा) आणि त्याच्याभोवती छोटी भट्टी असते आणि ती क्रिस्टलला साधारण ७५ ते ८५ अंश सेल्सिअसच्या दरम्यान एकाच तापमानावर धरून ठेवते. जुन्या दूरसंचार यंत्रांतून काढलेले असे ऑसिलेटर मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा परदेशी विक्रेत्यांकडे हजार-दोन हजारांत मिळतात. त्याच्या दहा मेगाहर्ट्झला एक कोटीने भागले की सेकंदाला एक ठोका तयार होतो. हा ठोका आणि जीपीएसचा ठोका यांतील अंतर मोजायचे आणि ते वाढू लागले की ऑसिलेटरच्या नियंत्रण पिनेवरचे व्होल्टेज किंचित कमी-अधिक करायचे, एवढेच मायक्रोकंट्रोलरचे, म्हणजे छोट्या संगणक-चिपचे, काम. पण हे 'किंचित' फार नाजूक असते. पाच व्होल्टच्या पल्ल्यात ऑसिलेटर दहा लाखांत एक भाग इतका सरकत असेल, तर एका मिलिव्होल्टने वारंवारता पाचशे कोटीत एक भाग बदलते, आणि साध्या कार्बन रेझिस्टरवर दुपारची झळ लागली तरी एवढा फरक सहज पडतो. म्हणून या जागी मेटल फिल्म रेझिस्टर, व्होल्टेजचा स्थिर संदर्भ आणि नीट विचार करून घेतलेली ग्राउंडची जोडणी लागते. सोल्डरिंग सुबक असून भागत नाही. करंट कोणत्या वाटेने परत येतो ते पाहावे लागते.

खरे काम तपासणीत आहे, आणि तिला महागडे काउंटर लागतेच असे नाही, हे मी येथे मुद्दाम थोडे विस्ताराने सांगतो. डिजिटल ऑसिलोस्कोपचा (विद्युत लाट पडद्यावर दाखवणाऱ्या यंत्राचा) ट्रिगर, म्हणजे चित्र कोणत्या क्षणी उमटायचे ती खूण, जीपीएसच्या ठोक्यावर लावावा आणि पडद्यावर ऑसिलेटरची दहा मेगाहर्ट्झची लाट घ्यावी. दर सेकंदाला ठोका येतो आणि लाट नव्याने उमटते. ती जागच्या जागी थोडी थरथरते, कारण मॉड्यूलच्या ठोक्यातच काही दशक नॅनोसेकंदांची अस्थिरता आहे. ती थरथर सोडून द्यावी आणि लाट एकूण कोणीकडे सरकते ते पाहावे. डावीकडे सरकली तर ऑसिलेटर वेगात आहे, उजवीकडे सरकली तर मंद आहे. दहा मेगाहर्ट्झचे एक आवर्तन म्हणजे शंभर नॅनोसेकंद. म्हणजेच लाटेने एका आवर्तनाइतके अंतर कापायला शंभर सेकंद घेतले, तर फरक शंभर कोटीत एक भाग. हजार सेकंद घेतले, तर हजार कोटीत एक भाग. साध्या मनगटी घड्याळाने ही वेळ मोजली तरी पुरते. एक पथ्य मात्र पाळावे लागते: ऑसिलेटर आधी अर्ध्या हर्ट्झच्या आत आणून ठेवावा, नाहीतर लाट सरकते आहे की उडी मारते आहे तेच कळत नाही. डबीच्या अंगचा मल्टिटर्न प्रीसेट (वारंवारता बारकाईने जुळवायचा स्क्रू) पेचकसाने एक केसभर फिरवावा आणि लाट मंदावत, थबकत, उलट दिशेला निघताना पाहावी. अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाच्या मुलाला फेज (लाट आपल्या आवर्तनात कोठवर आली ते) आणि वारंवारता यांचे नाते फळ्यावर जितके कळते त्याहून अधिक या दहा मिनिटांत कळते, असा माझा अनुभव आहे.

याउलट बाजारात मिळणाऱ्या स्वस्त काउंटरांवर आठ-आठ आकडे झळकतात आणि पाहणारा दिपून जातो. त्या काउंटरच्या आत जो क्रिस्टल आहे तो दहा लाखांत वीस भाग इतका चुकत असेल, तर दहा मेगाहर्ट्झ मोजताना दोनशे हर्ट्झची चूक होते आणि शेवटचे दोन-तीन आकडे निव्वळ शोभेचे ठरतात. शिवाय एका सेकंदाचे दार उघडून आवर्तने मोजण्याच्या साध्या पद्धतीत एक मोजणी इकडे-तिकडे होतेच. म्हणजे आतला क्रिस्टल निर्दोष असला तरी एक कोटीत एक भागापलीकडे एका सेकंदात जाता येत नाही. त्यापलीकडे जायचे तर आवर्तने मोजण्याऐवजी दोन ठोक्यांमधला काळ मोजावा लागतो आणि त्यासाठी आता काही दशक पिकोसेकंदांपर्यंत भेद दाखवणाऱ्या चिप सहज मिळतात. आकडे किती दिसतात, तेच मापन पुन्हा केले तर किती जुळते आणि ते सत्याच्या किती जवळ आहे, या तीन गोष्टींची आपल्याकडे पाठ्यपुस्तकातही गल्लत होते. या छंदात ती पहिल्या आठवड्यातच सुटते.

आता खानदेशाच्या हवेविषयी. मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा ४५ अंशांच्या घरात जातो आणि डिसेंबरच्या पहाटे दहाच्या आसपास उतरतो, हे आपल्या वाचकांना सांगायला नको. भिंतीवरच्या क्वार्ट्झ घड्याळात ३२,७६८ हर्ट्झचा क्रिस्टल असतो आणि तो २५ अंशांच्या आसपास सर्वांत वेगात चालतो. तेथून तापमान कोणत्याही बाजूला गेले तरी तो मंदच होतो, आणि मंद होण्याचे प्रमाण अंतराच्या वर्गाने वाढते. ठरलेल्या गुणांकाने हिशेब केला तर ४५ अंशांना हे घड्याळ दिवसाला सव्वा सेकंदाच्या जवळपास आणि दहा अंशांना दिवसाला सुमारे पाऊण सेकंद मागे पडते. पत्र्याच्या छताखाली भिंतीवर टांगलेले घड्याळ उन्हाळ्यात मागे पडते ते सेल संपल्यामुळेच, असे समजून ते नवा घालणाऱ्यांनी ही आकडेमोड एकदा करून पाहावी. ओसीएक्सओच्या भट्टीलाही आपला उन्हाळा सोसवत नाही, असे कधीकधी होते. भट्टीला फक्त तापवता येते, थंड करता येत नाही. बंद पेटीत पॉवर सप्लायची उष्णता मिळून आतली हवा सत्तरीकडे जाऊ लागली की भट्टीच्या हाती काही उरत नाही आणि क्रिस्टल बाहेरच्या हवेबरोबर वाहवत जातो. म्हणून थंड देशांतील आराखडे जसेच्या तसे उचलून इकडे चालत नाहीत. पेटीला वारा खेळता ठेवावा लागतो, पण कूलरचा झोत थेट डबीवर येऊ द्यायचा नाही, कारण त्या झोताच्या प्रत्येक हेलकाव्याची नोंद आलेखावर दिसते. मी डबीभोवती थर्मोकोल आणि बाहेर जाड ॲल्युमिनियमचे आवरण वापरतो. मोबाइल टॉवरमधून निघालेली जुनी रुबिडियम प्रमाणके दहा-पंधरा हजारांत मिळतात, ६.८ गिगाहर्ट्झच्या अणुसंक्रमणावर चालणारी ती यंत्रे फार चांगली असतात, पण चांगल्या हीट सिंकवाचून ती इकडच्या मे महिन्यात चालवू नयेत.

विजेचा जाच वेगळाच आहे. वीज गेली की भट्टी थंड होते आणि पुन्हा आली की क्रिस्टल पूर्वीच्याच वारंवारतेवर परत येत नाही. त्याला पुन्हा ठिकाणावर बसायला काही तास, कधी काही दिवस लागतात. भारनियमनाच्या काळात या छंदाला बॅटरीवाचून गत्यंतर नसते. साधी बारा व्होल्टची बॅटरी आणि तिच्यावरून थेट चालणारी पेटी सर्वांत उत्तम. इन्व्हर्टरच्या चौकोनी लाटेवर चालणाऱ्या अडॅप्टरमधून जो गोंगाट आत शिरतो, तो नंतर कोणत्याही फिल्टरने पूर्ण जात नाही.

यंत्र तयार झाले, जीपीएसला बांधले, पण ते चांगले आहे हे कसे ठरवायचे? येथे साध्या सरासरीने आणि नेहमीच्या प्रमाण विचलनाने काम होत नाही, कारण ऑसिलेटर हळूहळू भरकटत असल्यामुळे नोंदी जितक्या वाढवाव्यात तितके विचलन फुगत जाते. डेव्हिड ॲलन यांनी १९६६ मध्ये यावर उपाय मांडला: लागोपाठच्या दोन कालखंडांतील सरासरी वारंवारतेत किती फरक पडला ते पाहायचे, आणि हे एक सेकंद, दहा सेकंद, शंभर सेकंद, हजार सेकंद अशा वेगवेगळ्या खंडांसाठी करायचे. असा आलेख काढला की प्रत्येक घड्याळाचा स्वभाव समोर येतो. चांगला ओसीएक्सओ सेकंदभराच्या खंडात फार स्थिर असतो, पण दिवसभरात वाहवत जातो. जीपीएसचा ठोका सेकंदाच्या हिशेबात वाईट, पण दिवसाच्या सरासरीत एक लाख कोटी भागांत एका भागाच्याही खाली उतरतो. हे दोन आलेख जेथे एकमेकांना छेदतात, तेवढ्या काळाच्या अंदाजाने मायक्रोकंट्रोलरने दुरुस्ती करावी. त्याहून घाई केली तर चांगल्या क्रिस्टलवर जीपीएसची थरथर लादली जाते. दोनच घड्याळे असतील तर फरक कळतो, दोष कोणाचा ते कळत नाही. तीन असतील तर तीन जोड्यांच्या नोंदींवरून प्रत्येकाची अस्थिरता वेगळी काढता येते. एकट्या माणसाला तीन प्रमाणके बाळगणे परवडत नाही, आणि एका गावातले तीन हौशी एकत्र आले तर परवडते.

या सगळ्याचा उपयोग काय, असे विचारणारे भेटतात. एक उदाहरण आमच्याकडचेच आहे. भुसावळजवळ दीपनगरला औष्णिक विद्युत केंद्र आहे; तेथील जनित्रे आणि देशभरातील जनित्रे एकाच जाळ्यात एकाच तालावर फिरतात. दक्षिणेचे जाळे ३१ डिसेंबर २०१३ रोजी जोडले गेल्यापासून चाळीसगावच्या माझ्या घरातील विजेची वारंवारता तीच गुवाहाटीची आणि तीच कन्याकुमारीची असते. ती ५० हर्ट्झच्या आसपास ४९.९० ते ५०.०५ या पट्ट्यात ठेवावी असा दंडक आहे. नऊ व्होल्टच्या ट्रान्सफॉर्मरमधून कमी केलेली लाट घ्यावी (प्रोब थेट भिंतीच्या सॉकेटला कधीही लावू नये) आणि ती शून्याला कोणत्या क्षणी छेदते ते मायक्रोसेकंदापर्यंत मोजावे. वीस मिलिसेकंदांच्या एकाच आवर्तनातून अडीच मिलिहर्ट्झपर्यंतचा बदल कळतो. देशात कोठे तरी वीजनिर्मितीचा मोठा संच अचानक बंद पडला की काही सेकंदांत आलेख खाली जातो आणि मग हळूहळू सावरतो. वीजनिर्मिती आणि मागणी यांचा तोल म्हणजे काय, हे विद्यार्थ्यांना दाखवायला याहून स्वस्त प्रयोग मला माहीत नाही.

दुसरा उपयोग शेतकऱ्याचा. बोअरमध्ये सोडलेल्या सबमर्सिबल पंपाची केबल आत कोठे तुटली हे कळण्यासाठी बहुधा सगळी मोटार वर काढावी लागते. वीजपुरवठा पूर्ण तोडून केबलच्या वरच्या टोकाला एक आखूड स्पंद दिला, तर तो तुटलेल्या जागेवरून परत फिरतो. शंभर मीटरवर तूट असेल तर जाऊन-येऊन एका मायक्रोसेकंदाहून थोडा अधिक वेळ लागतो. टेलिफोनच्या भूमिगत केबलमधील दोष आम्ही याच पद्धतीने शोधत असू. दहा नॅनोसेकंदांची चूक झाली तरी जागा मीटरभरदेखील हुकत नाही. फक्त त्याच जातीच्या माहितीच्या लांबीच्या तुकड्यावर स्पंदाचा वेग आधी काढून घ्यावा लागतो, कारण तो आवरणाच्या प्लॅस्टिकप्रमाणे बदलतो.

मोबाइलवर फुकट वेळ दिसत असताना हा खटाटोप कशाला, असाही एक आक्षेप असतो. मोबाइलचा पडदा वेळ दाखवतो, वारंवारता हाती देत नाही, आणि ज्या यंत्रणेवरून ती वेळ येते ती आपली नाही. नाविक या आपल्या उपग्रह-दिशादर्शन प्रणालीचा पहिला उपग्रह १ जुलै २०१३ रोजी गेला. पुढे त्यातील तिन्ही आयात केलेली रुबिडियम घड्याळे निकामी झाली आणि उपग्रह सुस्थितीत असूनही स्थाननिश्चितीच्या कामाचा राहिला नाही. २९ मे २०२३ रोजी सोडलेल्या एनव्हीएस-०१ मध्ये देशी बनावटीचे रुबिडियम घड्याळ बसवले गेले. ते घड्याळ घडवणारे हात कोठून येतात, याचा विचार आपण करायला हवा. लोलकाच्या घड्याळाला त्याच्या टोकाच्या अचूकतेपर्यंत नेणारे विल्यम शॉर्ट हे पेशाने रेल्वे अभियंता होते आणि त्यांचे घड्याळ १९२१ मध्ये वेधशाळेत बसले, ही गोष्ट भुसावळसारख्या रेल्वेच्या गावाने तरी लक्षात ठेवावी. अमेरिकेतील टॉम व्हॅन बाक या हौशी अभ्यासकाने २००५ मध्ये तीन सिझियम घड्याळे गाडीत घालून, मुलांना घेऊन माउंट रेनियरवर मुक्काम केला आणि परत आल्यावर ती घरच्या घड्याळांपेक्षा सुमारे २२ नॅनोसेकंद पुढे गेल्याचे दाखवले. उंचावर काळ किंचित वेगाने जातो हे आइन्स्टाइनचे म्हणणे त्याने सहलीत तपासले. आपल्या तोरणमाळची उंची जळगावहून नऊशे मीटरच्या आसपास अधिक धरली, तर तेथे ठेवलेले घड्याळ दिवसाला सुमारे साडेआठ नॅनोसेकंद पुढे जायला हवे. रुबिडियमच्या जुन्या प्रमाणकाने हे दिसणार नाही, त्याला सिझियमच हवे. पण विद्यापीठाने मनावर घेतले तर हा प्रयोग अशक्य कोटीतला नाही.

खानदेशाला या विषयाचा वारसा आहे असे म्हणताना मी जपून बोलतो. चाळीसगावजवळ पाटणे येथे १२०७ सालचा शिलालेख आहे आणि भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांचे नातू चांगदेव यांनी स्थापलेल्या मठाची नोंद त्यात आहे. भास्कराचार्यांच्या सिद्धांतशिरोमणी या ग्रंथात दिलेली कालमापनाची उतरंड शेवटपर्यंत नेली तर 'त्रुटी' हे माप सेकंदाच्या ३३,७५० व्या भागाइतके, म्हणजे तीस मायक्रोसेकंदांना थोडे कमी, येते. ते गणितातले माप होते. प्रत्यक्ष मोजायला घटिकापात्र होते. त्रुटी मोजण्याचे साधन आज शाळकरी मुलाला परवडते. तेव्हा व्यासपीठावरून त्रुटीचे गुणगान करणाऱ्यांनी ती एकदा ऑसिलोस्कोपवर मोजून दाखवायला हरकत नसावी.

आता मागणीकडे येतो. खानदेशातील एका संस्थेत मी चांगल्या प्रतीचा काउंटर काचेच्या कपाटात पाहिला. त्याच्यावर कॅलिब्रेशनची (प्रमाणाशी ताडून पाहण्याची) मुदत संपलेली चिठ्ठी होती आणि विद्यार्थ्यांना तो हाताळू देत नाहीत असे कळले, कारण तो डेडस्टॉक रजिस्टरवर (संस्थेच्या कायम वस्तूंच्या नोंदवहीत) आहे आणि बिघडला तर जबाबदारी कोणाची हा प्रश्न उभा राहतो. प्राध्यापकांना दोष द्यावा असे मला वाटत नाही. वस्तू वापरून झिजली तर चौकशी होते आणि न वापरता निकामी झाली तर होत नाही, अशा नियमांत दुसरे काय होणार? केंद्रीय ग्राहक व्यवहार विभागाने जानेवारी २०२५ मध्ये भारतीय प्रमाणवेळेसंबंधीच्या नियमांचा मसुदा जाहीर केला आणि एनपीएलची वेळ अहमदाबाद, बेंगळुरू, भुवनेश्वर, फरिदाबाद व गुवाहाटी येथील प्रादेशिक प्रयोगशाळांमार्फत देशभर पोहोचवण्याची योजना आहे. योजना स्वागतार्ह आहे. पण आम्हाला त्यांतल्या त्यात जवळचे केंद्र अहमदाबाद. खानदेशातील विद्यार्थी आपला काउंटर घेऊन तेथे जाणार नाही.

म्हणून प्रत्येक जिल्ह्याच्या ठिकाणी एखाद्या विज्ञान किंवा अभियांत्रिकी महाविद्यालयाने, तंत्रनिकेतनाने अथवा आयटीआयने जीपीएसला बांधलेले दहा मेगाहर्ट्झचे एक प्रमाणक बॅटरीवर अखंड चालू ठेवावे आणि महिन्यातून एक दिवस ते कोणालाही वापरू द्यावे. टाइमिंगसाठीचे मॉड्यूल, गच्चीवरचा अँटेना, ओसीएक्सओ आणि बाकी भाग मिळून खर्च वर्गातल्या एका प्रोजेक्टरइतकाही येणार नाही. ऑसिलोस्कोप बहुतेक प्रयोगशाळांत आहेच. अशा प्रमाणकावर तपासलेल्या उपकरणाला कायदेशीर प्रमाणपत्र मिळणार नाही, त्यासाठी मान्यताप्राप्त प्रयोगशाळाच लागते, हे तेथे स्पष्ट लिहून ठेवावे. पण हौशी रेडिओवाल्याला, उपकरणे दुरुस्त करणाऱ्या कारागिराला आणि प्रदर्शनासाठी टायमर करणाऱ्या नववीच्या मुलीला आपले यंत्र किती चुकते हे कळेल. विज्ञान प्रदर्शनाच्या आयोजकांनीही गुणपत्रिकेत मोजमापाच्या पडताळणीसाठी वेगळे गुण ठेवावेत आणि विद्यार्थ्याकडून नोंदवही मागावी.

जळगाव, धुळे किंवा नंदुरबार येथील कोणत्याही संस्थेची तयारी असल्यास सर्किटचा आराखडा, सुट्या भागांची यादी आणि मायक्रोकंट्रोलरचा प्रोग्रॅम मी विनामूल्य देईन आणि जुळणीसाठी स्वखर्चाने येईन. अँटेनासाठी चहूबाजूंनी आकाश मोकळे असलेली जागा लागते. पुढे नाविकचे मॉड्यूल जोडायचे असेल तर दक्षिणेची बाजू तरी पाण्याच्या टाकीने अडलेली नसावी. अँटेनाची केबल वीस मीटरच्या आत राहिली तर बरे. साध्या कोअ‍ॅक्सियल केबलमध्ये मीटरला सुमारे पाच नॅनोसेकंद जातात, तेवढा विलंब हिशेबात धरता येतो, पण लांब केबलमध्ये उपग्रहांचा क्षीण संदेश आणखी क्षीण होतो. यासंबंधीचा पत्रव्यवहार आपल्या कार्यालयामार्फत माझ्याकडे पाठवण्याची व्यवस्था व्हावी, ही विनंती.

आपला,
एक निवृत्त दूरसंचार कर्मचारी, चाळीसगाव